कड्याकपारीतील शिंदळ माकुडी

शिवनेरी किल्ल्याच्या सात दरवाजांतून वर चढणारा यात्रेकरू शिवाई देवीला हात जोडतो, शिवजन्माच्या वास्तूपाशी क्षणभर थबकतो, कडेलोटाच्या टोकावरून जपून खाली वाकून पाहतो आणि उतरणीला लागतो. परंतु ज्या काळ्या कातळाच्या कड्यांमुळे हा दुर्ग दुर्गम झाला त्याच कड्यांच्या एखाद्या कपारीला बिलगून, महाराष्ट्राबाहेर पृथ्वीच्या पाठीवर कोठेही आपण होऊन न उगवणारी एक वनस्पती लोंबत असते, याची त्याला गंधवार्ताही नसते. या वनस्पतीला आपल्याकडे शिंदळ माकुडी म्हणतात. शिवनेरीच्या संबंधामुळे अलीकडे तिला ‘शिवसुमन’ असे सोज्ज्वळ नावही मिळाले आहे, आणि ते सभासंमेलनांत अधिक शोभते हे खरे. तथापि जुन्या नावात जो रांगडा जिव्हाळा आहे तो नव्या नावात नाही, म्हणून या लेखापुरते तरी मी जुनेच नाव चालवणार आहे.

शास्त्राच्या दप्तरात तिची पहिली नोंद झाली ती जुन्नरजवळच्या हिवरे गावाच्या परिसरातून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई इलाख्याचा जंगलखात्याचा कारभार ज्यांच्या हाती होता त्या डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी दापोडीच्या सरकारी बागेबरोबरच हिवरे येथेही वनस्पतींच्या लागवडीचा उद्योग आरंभला होता. त्यांच्यामागून त्या अधिकारावर आलेले निकोल अलेक्झांडर डॅलझेल यांनी गिब्सन यांच्या सहकार्याने १८६१ साली ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ सिद्ध केला, आणि पुढे चार-पाच वर्षांच्या आतच या कड्यावरच्या वनस्पतीचे वर्णन लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ती इतर कोणत्याही ज्ञात प्रजातीत बसेना, तेव्हा त्यांनी तिच्यासाठी स्वतंत्र प्रजातीच स्थापन केली आणि तिला तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचे नाव देऊन ‘फ्रेरिया इंडिका’ असे तिचे नामकरण केले. मुंबईच्या कोटातील प्रसिद्ध कारंज्यालाही याच गव्हर्नरसाहेबांचे नाव द्यावयाचे घाटत होते, पण ऐनवेळी ते रोमन पुष्पदेवता फ्लोरा हिच्या वाट्याला गेले, अशी एक जुनी हकीकत आहे. वनस्पतीच्या बाबतीतही त्यांचे दैव पुढे थोडे फिरलेच. कारण नव्या वर्गीकरणाने ‘फ्रेरिया’ ही प्रजाती मोडीत काढून तिचा समावेश ‘बूसेरोसिया’ या प्रजातीत केला, आणि गव्हर्नरसाहेब प्रजातीच्या गादीवरून उतरून ‘बूसेरोसिया फ्रेरी’ या जोडनावातील दुसऱ्या स्थानावर येऊन बसले. हे का घडले ते पुढे सांगावयाचे आहे. कारण त्यात या वनस्पतीच्या वंशाचे एक मोठे मनोरंजक कोडे गुंतलेले आहे.

शिंदळ माकुडीचे कूळ आपल्या ओळखीचेच आहे. मारुतीच्या गळ्यात ज्या रुईच्या पानांची माळ पडते ती रुई, उपळसरी म्हणून वैद्य जिची मुळी देतात ती अनंतमूळ, आणि पावसाळ्यात डोंगरउतारांवर कंदिलासारखी फुले घेऊन येणारी खर्चुडी, ही सर्व तिची भावकी. त्यांतही तिचे निकटचे नाते माकडशिंगाशी आहे. देशावरच्या खडकाळ माळावर चौधारी, बिनपानांच्या, हिरव्या कांड्या वर काढून उभे राहणारे हे माकडशिंग गुराखी पोरे सोलून खातात आणि त्याचे लोणचेही घालतात. याच गोतातील एका जातीचा अर्क परदेशांत वजन उतरवण्याचे औषध म्हणून बाटल्यांतून विकला जातो, हा काळाचा महिमा. माकडशिंगाचा हा सारा गोतावळा आफ्रिकेच्या रुक्ष प्रदेशांत विपुल आहे. हिंदुस्थानात त्याच्या मोजक्याच शाखा आहेत, आणि त्या जवळजवळ सर्वांनी पाने हा प्रकार वर्ज्य केलेला आहे. पाण्याचे दुर्भिक्ष्य असलेल्या मुलखात पान म्हणजे निव्वळ खर्चाची बाब. म्हणून या वनस्पतींनी पानांना रजा देऊन त्यांचे काम मांसल, हिरव्या खोडाकडे सोपवले. शिंदळ माकुडीने मात्र तसे केले नाही. तिचे खोड माकडशिंगासारखेच गुबगुबीत व रसाळ आहे, कपारीतून फुटून ते खाली लोंबते किंवा खडकाला चिकटून आडवे पसरते. परंतु पावसाळा लागला की त्या खोडावर लांबट-वाटोळी, जाडसर, हिरवीगार पाने येतात, आणि पावसाळा सरून कातळ तापू लागला की ती एकेक करून गळून पडतात.

ही पानांची ये-जा केवळ शोभेची नाही. वनस्पती हवेतील कर्बवायू घेते ती आपल्या अंगावरील सूक्ष्म रंध्रांतून; आणि ही रंध्रे उघडली की त्याच वाटेने अंगातील पाणी बाष्परूपाने बाहेर पडते. बहुतेक झाडेझुडपे ही रंध्रे दिवसा उघडतात, कारण सूर्यप्रकाश दिवसाच असतो. पण रखरखीत प्रदेशातील अनेक मांसल वनस्पतींनी या व्यवहारात मोठी चतुर तजवीज केली आहे: त्या रात्री, हवा थंड व दमट असताना, रंध्रे उघडून कर्बवायू आत घेतात, त्याचे आम्लात रूपांतर करून तो साठवतात, आणि दिवसा रंध्रे घट्ट मिटून त्या साठ्यावर, आतल्या आत, अन्न शिजवतात. या प्रक्रियेची एक आरंभीची चाहूल शास्त्राला लागली ती हिंदुस्थानात, आणि तीही जिभेने. मद्रासकडे कंपनी सरकारच्या चाकरीत असलेल्या बेंजामिन हेन या वनस्पतिज्ञाने पानफुटीचे पान चावून पाहिले, तेव्हा ते सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि सायंकाळकडे कडवट लागते असे त्याच्या ध्यानात आले. त्याचे हे निरीक्षण १८१५ साली छापले गेले, आणि त्या आंबटपणाचा उलगडा होण्यास त्यापुढे शतकाहून अधिक काळ जावा लागला. ज्याला शंका असेल त्याने परसातल्या पानफुटीवर हा प्रयोग करून पाहावा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

आता शिंदळ माकुडीचे वैशिष्ट्य असे की तिच्या एकाच देहात हे दोन्ही व्यवहार नांदतात. लांगे आणि त्सुबर या जर्मन संशोधकद्वयाने १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवून दिले की तिचे खोड हे निवडुंगासारखे, म्हणजे रात्री श्वास घेऊन दिवसा मिटून राहणारे आहे, तर तिची पाने मात्र आंब्या-जांभळाच्या पानांप्रमाणे उघड्या दिवसाचा सरळ व्यवहार करणारी आहेत. पावसाळ्यात पाण्याला तोटा नसतो, कातळावरून झरे वाहत असतात, तेव्हा पानांच्या द्वारे सढळ हाताने कमवावे. आणि पाऊस ओसरला की ती पाने टाकून देऊन आठ महिने खोडाच्या कंजूष कारभारावर तग धरावा, असा हा हिशेब आहे. दख्खनच्या कड्याचे हवामान ज्याने अनुभवले आहे त्यालाच या हिशेबाची खरी किंमत कळेल. चार महिने अंगावर धबधबा आणि उरलेले आठ महिने तापलेला तवा, अशा जागी मूळ धरावयाचे म्हणजे निव्वळ निवडुंगाचे किंवा निव्वळ तेरड्याचे आयुष्य पुरे पडत नाही.

याच पानांमुळे तिच्या वंशाचे कोडे उत्पन्न झाले. सारा गोतावळा बिनपानांचा आणि ही एकटी पानांची. तेव्हा हीच त्या घराण्यातील आद्य शाखा असली पाहिजे, पूर्वजांची पाने हिने तेवढी जपून ठेवली आणि इतरांनी टाकली, असा तर्क अनेक वर्षे प्रचलित होता, आणि तो दिसण्यास अगदी सयुक्तिक होता. परंतु वनस्पतींच्या पेशींतील जनुकद्रव्य ताडून नाती ठरवण्याची पद्धती आली, तेव्हा वेगळेच चित्र दिसू लागले. शिंदळ माकुडी ही घराण्याच्या मुळाशी नसून, दक्षिण हिंदुस्थानात आढळणाऱ्या बिनपानांच्या बूसेरोसियांच्या अगदी मध्ये बसते. म्हणजे तिच्या नजीकच्या पूर्वजांना पाने नव्हती, आणि मोसमी पावसाच्या मुलखात आल्यावर हिने ती पुन्हा कमावली, असा निष्कर्ष निघतो. एकदा गमावलेला अवयव वंशाला परत लाभणे ही निसर्गात विरळा गोष्ट आहे. स्वतंत्र प्रजातीचा मान गेला तो या कारणाने. पण माझ्या मते त्या मानापेक्षा हा इतिहास कितीतरी मोलाचा आहे.

तिचे फूल पाहावयाचे तर ते श्रावणाच्या उत्तरार्धापासून आश्विनापर्यंत. खोडाला जवळजवळ चिकटूनच, देठाचा फारसा आडपडदा न ठेवता, रुपयाच्या नाण्याएवढे एक पंचकोनी चांदणीसारखे फूल उमलते. त्याचा रंग गर्द तांबडा-जांभळा, वाळलेल्या कोकमाच्या जवळ जाणारा, आणि त्यावर पिवळ्या रेषांची अनियमित नक्षी असते. पाकळ्यांच्या कडांना बारीक केसांची झालर असते. ही सारी सजावट मधमाशी-फुलपाखरांसाठी नसून माश्यांसाठी आहे, आणि या घराण्यातील बहुतेकांची तीच रीत आहे. भिंगातून पाहिले तर फुलाच्या मधोमध एक लहानसे, पाच दालनांचे, मेणाचे घडवल्यासारखे मखर दिसते. सामान्य फुलांत परागांची भुकटी असते, येथे ती नाही. रुईच्या कुळात पराग सुटे न राहता त्यांच्या घट्ट गोळ्या बनतात आणि अशा दोन गोळ्या एका चिमट्याला दोन बाजूंनी टांगलेल्या असतात. मखराच्या पाच कोपऱ्यांत पाच चिंचोळ्या फटी असतात. रसाच्या शोधात फिरणाऱ्या माशीच्या सोंडेचा एखादा केस किंवा पाय त्या फटीत शिरला की तो वर सरकत जाऊन नेमका चिमट्यात अडकतो, आणि माशीने झटका देऊन स्वतःला सोडवले की तो चिमटा गोळ्यांसकट तिच्याबरोबर जातो. पुढे ती दुसऱ्या फुलावर बसली, तिचा तोच अवयव पुन्हा तशाच फटीत शिरला आणि गोळी योग्य बाजूने आत जाऊन तेथेच तुटून राहिली, तरच फलधारणा होते. इतक्या ‘तर’ आणि ‘तरच’ यांच्या साखळीवर ज्याचे वंशसातत्य अवलंबून आहे त्याला शेंग विरळाच धरावी यात नवल नाही. शेंगा धरल्याच तर त्या बारीक व टोकदार असून जोडीजोडीने येतात, आणि तडकल्यावर रुईच्या म्हाताऱ्यांप्रमाणे रेशमी तंतूंचे बी वाऱ्यावर सोडतात. ते बी उडून कोठे पडते? बहुधा दरीत, गवतात, शेतात. म्हणजे जेथे ते रुजणार नाही तेथेच. कड्यावरून सुटलेल्या बियाला पुन्हा कड्याचीच कपार सापडणे हा योगायोगाचा भाग आहे.

शिवनेरी आणि जुन्नरचा परिसर, पुरंदरला खेटून उभा असलेला वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर, आणि उत्तरेकडे अकोले तालुक्यात प्रवरेवरील रंधा धबधब्याचा कडा, अशा मोजक्या ठिकाणांहून या वनस्पतीची नोंद झालेली आहे. नकाशावर ही ठिकाणे पाहिली तर सह्याद्रीच्या माथ्यापासून किंचित पूर्वेकडे सरकलेली एक तुटक माळ दिसते. एका ठिकाणची माशी दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा संभव नाही, बी पोचण्याची शक्यता नाहीशीच. तेव्हा प्रत्येक कड्यावरची वस्ती ही आपल्यापुरती एकाकी बनलेली आहे. प्रदेशनिष्ठ वनस्पती म्हणतात ती हीच. आणि ज्या वनस्पतीचा प्रदेश म्हणजे पाच-सहा कडे, तिच्या बाबतीत एक कडा ढासळणे म्हणजे इतर जातींच्या बाबतीत एक जिल्हा उजाड होण्यासारखे आहे. १९७८ साली निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जगातील २५० संकटग्रस्त वनस्पतींचे जे लाल पुस्तक काढले त्यात हिचा अंतर्भाव झाला, आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या लाल पुस्तकातही तिची नोंद झाली.

ती कड्यावरच का उरली, याचे एक कारण तिची प्रकृती आणि दुसरे आपली वहिवाट. पाणी साचणाऱ्या जमिनीत तिचे मांसल खोड कुजते, म्हणून निचऱ्याची उभी जागा तिला मानवते, हे खरे. परंतु ज्या उतारांवर शेरडे पोचतात, ज्यांवर दरसाल फाल्गुन-चैत्रात वणवा फिरतो, जेथे घाणेरीचे रान माजले आहे, तेथे ती दिसत नाही. आणि मनुष्य वा जनावर जेथे सहसा पोचत नाही त्याच उभ्या पाषाणावर ती शिल्लक आहे, यावरून कडा हे काही अंशी तिचे माहेर असले तरी काही अंशी तिचे आश्रयस्थानही असावे, असे मला वाटते. याशिवाय एक शत्रू सुशिक्षित आहे. दुर्मिळ वनस्पती म्हटली की तिचा तुकडा आपल्या गच्चीत हवाच, असे वाटणारा रसिक सर्वत्र असतो. आणि एखाद्या सुंदर चित्रासह नेमक्या ठिकाणाचा पत्ता छापून आला की पुढच्या पावसाळ्यात त्या कपारीतून एक खोड कमी होते.

आणि येथेच या वनस्पतीच्या रक्षणातील खरी मेख आहे. शिंदळ माकुडी कुंडीत जगवणे मुळीच अवघड नाही. तिच्या खोडाचा तुकडा कापून दोन-चार दिवस सावलीत सुकू द्यावा, वाळूमिश्रित भुसभुशीत मातीत खोचावा, पाणी बेताचे द्यावे, की तो फुटतो आणि यथाकाळ फुलतोही. युरोप-अमेरिकेतील मांसल वनस्पतींच्या शौकिनांकडे ती कित्येक वर्षे सुखाने नांदते आहे. आपल्याकडेही भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे येथील शाखेने आणि सातारा जिल्ह्यात शिरवळजवळ शिंदेवाडी येथील नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने तिच्या जोपासनेचे व अभिवृद्धीचे काम केले आहे, आणि परीक्षानळीत ऊतिसंवर्धनाने रोपे करण्याचे प्रयोगही यशस्वी झालेले आहेत. यावरून एखाद्याला वाटेल की मग प्रश्न मिटला. तो मिटत नाही. तुकड्यापासून झालेली शंभर रोपे ही शंभर व्यक्ती नव्हेत. तो एकच जीव शंभर कुंड्यांतून मोजलेला असतो. उद्या एखादी बुरशी त्यांतील एकाला मारक ठरली तर ती शंभरांनाही मारक ठरेल. वज्रगडाच्या वस्तीत कोणते गुण आहेत आणि रंध्याच्या वस्तीत कोणते, पाऊस लांबला तर कोणती टिकेल आणि उन्हाळा वाढला तर कोणती, हे वैविध्य कुंडीत उतरवता येत नाही. आणि ती माशी तर मुळीच उतरवता येत नाही. रोपवाटिका हा विमा आहे आणि विमा अवश्य उतरवावा, पण विमा उतरवला म्हणून घराची राखण कोणी सोडून देत नाही.

राखण करावयाची कोणी, हा मात्र दप्तरी प्रश्न आहे. शिवनेरीचा तट-बुरूज पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत, खालचे उतार वन खात्याच्या, आणि मधला कडा कागदोपत्री कोणाच्या तरी हद्दीत असला तरी व्यवहारात कोणाच्याच नाही. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याला १९९१ च्या दुरुस्तीने वनस्पतींची जी अनुसूची जोडली गेली तीत अवघ्या सहा नोंदी होत्या, आणि त्यांत आपल्या या माकुडीला स्थान मिळाले नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाभोवतीची झाडी हे गडाचे संरक्षण समजून तिची एक काठीही तोडू देऊ नये अशी सक्त ताकीद आहे; तो हुकूम लष्करी धोरणाचा होता हे मान्य, परंतु गड आणि त्याची वनस्पती यांचा बंदोबस्त एकाच कारभाऱ्याकडे असावा ही त्यातील दृष्टी आजच्या खातेवाटणीत हरवली आहे.

अलीकडे किल्ल्यांच्या जीर्णोद्धाराचा उत्साह वाढला आहे, तरुणांची मंडळे सुट्टीच्या दिवशी घमेली-फावडी घेऊन गडावर जातात, तटाच्या सांध्यांत मुळे घालून चिरे उखडणारे पिंपळ-उंबर उपटून काढतात, आणि हे काम स्तुत्यच आहे. अडचण एवढीच की ही साफसफाई बहुधा उन्हाळ्यात होते, आणि उन्हाळ्यात शिंदळ माकुडी म्हणजे पाने झडलेली, सुरकुतलेली, करड्या-हिरव्या रंगाची एक काटकी. तिला कोणी ओळखावयाचे कसे? तेव्हा उपाय करावयाचा तो पंचांग पाहून करावा लागेल. भाद्रपदात, पाने आणि फुले दोन्ही अंगावर असताना, दोर लावून कड्यावर उतरणारे गिर्यारोहक आणि एखादा जाणता वनस्पतिज्ञ यांनी मिळून प्रत्येक गडाच्या कपारी एकदा न्याहाळाव्यात, खोडे मोजावीत, शेंगा धरल्या आहेत काय ते पाहावे, कडेच्या कातळावर एक लहानशी खूण करावी आणि त्या खुणांचा तपशील वर्तमानपत्रात न देता केवळ त्या गडाच्या अधिकाऱ्याच्या दप्तरी ठेवावा. मग चैत्रात कोयते परजण्यापूर्वी त्या मंडळाच्या म्होरक्याने तो कागद एकदा मागून पाहावा, आणि खुणेच्या हातभर अंतरातील गवत तसेच राहू द्यावे. नव्या रोपांची लावणीही याच यादीवरून, ज्या कड्याचे मूळ त्याच कड्यावर, पहिल्या पावसाच्या तोंडाशी करता येईल. वज्रगडाचा तुकडा शिवनेरीवर नेऊन लावण्याचा उत्साह मात्र कोणी दाखवू नये.